शर्यतीआधीचं कासव

ससा आणि कासवाची शर्यत लागली, ससा झोपला, कासव जिंकलं. इथवर सगळ्यांना पाठ आहे. पण ती शर्यत बघायला झाडाखाली दोन-चार माणसं उभी असती आणि सकाळपासून त्यांच्या पोटात काही नसतं, तर? सशाला त्यांनी जाऊ दिलं असतं. त्याच्यामागे धावण्यात जेवढा दम जातो, तेवढा त्याला खाऊन भरून येईलच असं नाही. कासवाला मात्र वाकून उचललं असतं, आणि शर्यत तिथंच आटोपली असती.

माणसाच्या इतिहासातला फार मोठा काळ असाच गेला आहे.

इस्रायलमध्ये तेल अवीवपासून जवळच केसेम नावाची गुहा आहे. साधारण 4 लाख ते 2 लाख वर्षांपूर्वी तिथं माणसं येऊन-जाऊन राहत होती. नेमकी कुठल्या जातीची माणसं, यावर अजून वाद चालू आहेत. त्यांचं मुख्य खाणं हरणाचं. पण तिथली कासवाची हाडं आणि कवचं तपासून 2016 मध्ये संशोधकांनी सांगितलं, की ही मंडळी कासवंही नियमानं खात होती. काही कवचं भाजलेली, ठोकून फोडलेली. काहींच्या आतल्या बाजूला गारगोटीच्या पात्यानं मांस खरवडल्याच्या रेघा. म्हणजे कधी अख्खं कासव कवचासकट विस्तवात घालायचं आणि मग फोडायचं, तर कधी आधी फोडून आतलं काढून घ्यायचं. एकाच गुहेत दोन पद्धती! ‘आमच्याकडे नाही बाई असं करत’ हे वाक्यही तेवढंच जुनं असावं.

सोय बघा ना. भाला नको, कुत्रा नको, दहा जणांची टोळी नको. गुडघे दुखणारी आजी किंवा सहा वर्षांचं पोरही संध्याकाळच्या जेवणात भर घालू शकतं. शिवाय कासव आणून कोपऱ्यात ठेवलं तर कित्येक दिवस अन्नपाण्यावाचून तग धरतं. मांस नासायचा प्रश्नच नाही, कारण ते अजून चालतंय. झाकणासकट मिळालेला डबाच म्हणायचा, आणि तोही रिकामा झाल्यावर वाडगा म्हणून कामाला येणारा.

अशी हाताला लागणारी शिकार फक्त कासवाची नव्हती. इंग्लंडात स्टोनहेंजपासून दोन-अडीच किलोमीटरवर ब्लिक मीड नावाची झऱ्याकाठची जागा आहे. स्टोनहेंजचे दगड उभे राहायच्या काही हजार वर्षं आधी तिथं लोक जेवत होते, आणि त्यांच्या उष्ट्या-खरकट्यात भेकाच्या पायाचं भाजलेलं हाड सापडलं. 2013 मध्ये ही बातमी आली तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांना कोण आनंद झाला! बेडकाचे पाय खातात म्हणून ज्या फ्रेंचांना इतकी वर्षं हसलो, त्यांच्या आधी हा पदार्थ आमच्याकडे होता, असं त्यांना छापता आलं. इस्रायलमधल्या एल वाड इथं साप आणि बिनपायाचे सरडे खाल्ल्याच्या खुणा आहेत. टेक्सासमध्ये तर सुमारे 1500 वर्षांपूर्वीच्या वाळलेल्या मानवी विष्ठेत विषारी सापाचा अख्खा दात मिळाला, खवले आणि हाडांसकट. हे जेवण होतं की कसला विधी, कोण जाणे. ते पोटात गेलं आणि बाहेरही आलं, एवढं खरं.

पण मला गुंतवून ठेवतं ते कासवच. कारण ते नुसतं खाल्लं गेलं नाही, खाणारे किती होते तेही सांगून गेलं.

मेरी स्टायनर या अमेरिकी पुरातत्त्वज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमध्य समुद्राच्या काठच्या गुहांमधल्या लहान प्राण्यांच्या हाडांचा हिशेब मांडला आणि 1999 मध्ये तो प्रसिद्ध केला. कासवाच्या दंडाच्या हाडाची जाडी मोजायची. त्यावरून कासव केवढं होतं ते कळतं. सगळ्यात जुन्या थरांतली कासवं चांगली मोठी. वरच्या, म्हणजे अलीकडच्या थरांत ती लहान होत गेलेली. हवामान बदललं म्हणून लहान झाली म्हणावं, तर तसा मेळ बसत नाही. मोठी कासवं संपत होती आणि लहानांना मोठं व्हायला सवड मिळत नव्हती. त्याच थरांमध्ये दुसरीकडे सशांची आणि तितरांची हाडं वाढत गेलेली. जो ससा एके काळी धावायच्या लायकीचा वाटत नव्हता, त्याच्यासाठी आता माणसं धावायला लागली होती. तोंडं वाढली, याचा हा पुरावा. आणि उलट बाजूनं, ज्या काळात कासवं निवांत मोठी होत होती, त्या काळात माणसं फारच थोडी आणि विखुरलेली असणार. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप भागातही जुन्या कासवांपेक्षा नंतरची लहान निघाली आहेत.

कासवाचं गणित तसं चोख होतं. पाठीवर किल्ला असला की मोठेपणी मरायची भीती कमी, मग घाई कशाला? दहा-बारा वर्षांनी वयात यायचं, एका वेळी मोजकी अंडी घालायची, पुढची कित्येक वर्षं घालत राहायचं. कासवाच्या कुळानं वीसेक कोटी वर्षं यावर काढली आहेत. दगड हातात घेणारा प्राणी या हिशेबात धरलेला नव्हता. सशाला किल्ला नाही. पण त्याची मादी वर्षातून अनेकदा विते. वर्षभर मारा सोसून तो पुढच्या वर्षी पुन्हा हजर. म्हणजे खरी शर्यत धावण्याची नव्हतीच, आणि ती ससा जिंकला. मुलांना ही आवृत्ती सांगावी असं मी म्हणणार नाही. त्यांना देवळात देवासमोर बसवलेलं कासव ठाऊक असतं, तेवढं पुरे.

गंमत म्हणजे नंतर एकदा काटा उलटा फिरला. सुमारे 12,000 वर्षांपूर्वी, शेती अजून यायची असताना, भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावर वस्ती करून राहिलेल्या नातुफी नावाच्या शिकारी लोकांच्या वस्त्या विरळ झाल्या, माणसं पुन्हा फिरती झाली, आणि खाण्यात कासवांचा वाटा वाढला. त्याच काळात उत्तर इस्रायलच्या गालिली भागातल्या हिलाझोन ताख्तीत गुहेत एका बाईला पुरलं. साधारण पंचेचाळिशीची, ठेंगणी, कंबरेच्या हाडात व्यंग. चालताना पाय ओढत असावी. तिच्याबरोबर सोनेरी गरुडाच्या पंखाचं टोक, बिबट्याच्या कटीचं हाड, रानडुकराचा पुढचा पाय, दुसऱ्याच कुणाचं तरी पाऊल असं काय काय ठेवलं होतं. आणि पन्नासाहून अधिक कासवांची कवचं. कासवं खाल्ली होती, पण पाठीकडची बाजू शाबूत राहील अशी बेतानं फोडून. खोदणाऱ्या लिओर ग्रोसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते ती बाई मांत्रिक असावी आणि हे तिच्या दफनाचं जेवण.

पन्नास कासवं एका दिवसात गोळा होत नाहीत. हे प्राणी एकेकटे हिंडतात, झुडपाखाली बसतात, थंडीत तर जमिनीतच गडप होतात. तेव्हा ती थोडी थोडी आणून जिवंत सांभाळलेली असणार, असं मला वाटतं. बाई एकाएकी गेली असेल तर पळापळ झाली असेल. पण ती बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली असेल, तर शेजारच्या खड्ड्यात रोज दोन-चार कासवं वाढताना तिनं पाहिली असतील. मांत्रिक बाई, मेंदू तल्लख. तिनं विचारलंच असेल कुणाला तरी, ‘एवढी कशाला रे आणताय?’