फ्रीमनचे शेत पाहायला जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या होमस्टेड कायद्याखालचा पहिला शेतकरी म्हणून ज्या डॅनियल फ्रीमनचे नाव घेतले जाते, त्याचे घर पाहायचे म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी नेब्रास्का राज्यातील बीॲट्रिस गावाजवळच्या होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात गेलो, आणि पहिल्या पाच मिनिटांतच कळले की ते घर आता अस्तित्वातच नाही. तेथील छायाचित्रांत हमखास दिसणारी लाकडी खोली पामर आणि पुढे एपर्ड या वेगळ्याच कुटुंबांची असून 1867 साली याच गेज परगण्यात दुसरीकडे बांधलेली आहे, आणि ती नंतर येथे आणून उभी केलेली आहे. मी तिच्यासमोर उभा राहून सात-आठ छायाचित्रे काढली आणि मग फलक वाचला. तुम्ही आधी फलक वाचा. खोली मात्र पाहावी, कारण 14 फूट बाय 16 फुटांत चूल, अंथरुणे आणि हिवाळाभर अडकलेली माणसे कशी मावत असतील हे आत उभे राहिल्याशिवाय उमगत नाही.

फ्रीमनचे जे उरले आहे ती जमीन, आणि ती पायीच पाहावी लागते. लिंकनने 20 मे 1862 रोजी सही केलेल्या कायद्याने 160 एकर जमीन एकूण 18 डॉलर शुल्कात मिळत असे. मुख्य अट अशी, की पाच वर्षे तेथे राहून ती कसायची. फ्रीमनने कायदा लागू झाला त्याच दिवशी, 1 जानेवारी 1863 रोजी, ब्राउनव्हिलच्या जमीन कार्यालयात अर्ज नोंदवला. चाळीस-चाळीस एकरांचे तीन तुकडे एका ओळीत आणि चौथा मधल्याच्या डोक्यावर, असा उलट्या टी अक्षरासारखा त्याचा नकाशा पाहून मी आधी गोंधळलो. ओढ्याकाठी गेल्यावर मात्र त्याचे शहाणपण पटले, कारण या बाजूला झाडे फक्त पाण्याच्या कडेला वाढतात, आणि कब क्रीकचे पाणी, सरपण व काळी जमीन त्याने एकाच दाव्यात बसवली होती. मालकीचा कागद 1869 साली हाती आला. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढायला लागणारा वेळ आठवून मला ही सहा वर्षे फारशी वाटली नाहीत.

आता त्या गवताविषयी. ओढ्यापलीकडची पायवाट उंच बिग ब्लूस्टेम गवतातून जाते, आणि ऑगस्टअखेरीस हे गवत माणसाच्या डोक्यावर जाते, वारा पूर्ण अडतो आणि घामाने सदरा अंगाला चिकटतो. मी अर्धी चड्डी घालून गेलो, हा शुद्ध मूर्खपणा होता. चिगर नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे चावल्याचे त्या दिवशी कळलेही नाही. दुसऱ्या रात्री घोट्यापासून कंबरेपर्यंत लाल पुरळ उठले आणि आठवडाभर झोप गेली. गोचिडीही दोन निघाल्या. लांब पँट मोज्यांत खोचा, कीटकरोधक फवारा मोज्यांवर मारा, वाटेच्या मधोमध चाला, आणि तीन पाने एकत्र दिसली की हात लावू नका, ती अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही असू शकते. सकाळी नऊनंतर निघणार असाल तर ही वाट सोडून द्या.

प्रवेश विनामूल्य आहे, पण पैसे गेलेच. सार्वजनिक वाहनाने येथे पोहोचणे जवळपास अशक्य असल्याने भाड्याने मोटार घ्यावी लागते, आणि माझ्याकडून खिडकीवरच्या माणसाने मला नको असलेला विमा व न वापरलेले इंधन यांचे पैसे वसूल केले. सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा.

ब्राउनव्हिल ते बीॲट्रिस हा महामार्ग 136 वरचा शंभराहून थोडा अधिक किलोमीटरचा प्रवास सुखाचा आहे, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. वेळ द्यायचा तर मुख्य इमारतीतील अवजारांपेक्षा भिंतीवरच्या नकाशांना द्या: कोणत्या राज्याचा किती भाग या कायद्याने वाटला गेला ते एका नजरेत दिसते. याच परगण्यात ओटो-मिसुरिया या मूळनिवासी लोकांची राखीव जमीन होती आणि 1881 मध्ये ते ओक्लाहोमाकडे गेले, हे ध्यानात ठेवून ते नकाशे पाहावेत, असे माझे मत आहे.

पश्चिमेकडील विटांची फ्रीमन शाळा 1872 ची. तेथील वर्गात बायबल शिकवण्यावर फ्रीमनने हरकत घेतली, खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि 1902 मध्ये तो जिंकला. जमिनीसाठी प्रसिद्ध झालेल्या या माणसाचा हाच पैलू मला सर्वांत आवडला. त्याची पत्नी ॲग्नेस आधी त्याच्या भावाची वाग्दत्त वधू होती. तो भाऊ अमेरिकेच्या यादवी युद्धात मरण पावला, मग या दोघांत पत्रव्यवहार झाला आणि 1865 मध्ये लग्न. ती डॅनियलनंतर तेवीस वर्षे, 1931 पर्यंत जगली. दोघांच्या कबरी पूर्वेकडच्या उंचवट्यावर आहेत. मी तेथे पोहोचलो तेव्हा पाणी संपले होते, त्यामुळे दोन मिनिटेच थांबलो. तुम्ही दोन बाटल्या जास्त घ्या आणि तेथे बसा.