जर्मेनियम, नवतपा आणि बेसचा फझ : आमची वाटचाल

"फझ दाबला की आवाज मोठा होतो, पण बेस गायब होतो." नागपुरातल्या ऑर्केस्ट्रांमधले बेसवाले (बेस गिटार वाजवणारे) आमच्या टेबलावर पेडल ठेवताना सगळ्यात जास्त वेळा हेच सांगतात. फझ म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं, पायाने दाबायचं पेडल. गिटारसाठी पेडलं जोडणारं आमचं छोटं दुकान बेसकडे वळलं ते या एका तक्रारीमुळे. आज आम्ही तीन मॉडेलं बनवतो. तिन्हींचा आवाज जुन्या वळणाचा आहे, पण आतला एकही सर्किट जसाच्या तसा जुना राहिलेला नाही.

तसं पाहिलं तर फझचा बेसशी संबंध पहिल्यापासूनचा. नॅशव्हिलमधल्या एका ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारांच्या बेसचा आवाज मिक्सरच्या बिघडलेल्या चॅनेलमधून फाटून आला आणि १९६१ साली तसाच बाजारात गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड ट्रान्झिस्टरवर मुद्दाम घडवला. गिब्सनने १९६२ मध्ये तो मेस्ट्रो एफझेड-१ या नावाने विकायला काढला : तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल. त्याच सुमारास त्यांनी ईबी-०एफ नावाच्या बेसच्या अंगातच फझ बसवला होता. त्यामुळे 'गिटारचं पेडल बेसला लावू नये' या उपदेशाला इतिहासाचा आधार नाही. अडचण भागांच्या किमतीत आहे, म्हणजे रुपयांत नव्हे, ओहम आणि फॅरडमध्ये.

पहिलं मॉडेल आम्ही १९६६च्या फझ फेस नावाच्या पेडलवर बेतलं. दोन ट्रान्झिस्टर आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके भाग. इनपुटला २.२ मायक्रोफॅरड, पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ किलोओहम, दुसऱ्याला ८.२ किलोओहम आणि ४७० ओहम, परतीच्या (फीडबॅकच्या) वाटेला १०० किलोओहम, फझचा पॉट (बटणाने फिरणारा रोध) १ किलोओहम, व्हॉल्यूमचा ५०० किलोओहम. इनपुटचा कपॅसिटर बेसला पुरतो. खोट आउटपुटच्या ०.०१ मायक्रोफॅरडमध्ये आहे. व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि पुढे १ मेगोहमचा ॲम्प असेल तर दोन्ही मिळून साधारण ३३३ किलोओहम होतात आणि ४८ हर्ट्झच्या खालचा आवाज गळायला लागतो. बेसची खुली ई ४१ हर्ट्झवर आणि पाच तारी बेसची बी ३१ हर्ट्झवर. त्या जागी ०.१ मायक्रोफॅरड लावला की ही गळती ५ हर्ट्झच्या आसपास जाते. एक कपॅसिटर, दोन डाग, काम संपलं. दुसऱ्या कुणाचं पेडल घेतलं असेल तरी हा बदल आधी करून पाहा. बहुतेकांना तेवढाच पुरतो.

जर्मेनियमने मात्र आम्हाला दमवलं. एसी१२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर इथे मिळतो; भारत इलेक्ट्रॉनिक्सने तो बनवलेला आहे आणि जुन्या रेडिओंच्या बोर्डांवर आजही सापडतो. पण सापडलेला प्रत्येक नग फझच्या कामाचा नसतो. नऊ व्होल्टवर कलेक्टरला २.४७ किलोओहम लावून, ट्रान्झिस्टरचं 'बेस' नावाचं टर्मिनल मोकळं ठेवून रोधावरचा व्होल्टेज मोजायचा. ०.२५ व्होल्ट आला तर गळती, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारा प्रवाह, सुमारे १०० मायक्रोअँपिअर. मग बेस टर्मिनलला २.२ मेगोहम जोडायचा आणि व्होल्टेज जेवढा वाढेल त्याला शंभरने गुणायचं : १ व्होल्ट वाढला तर गेन (प्रवाह किती पट वाढतो तो आकडा) १००. नुसत्या मल्टिमीटरचा गेनचा आकडा धरू नका, तो गळतीलाच गेन समजतो. आणि ट्रान्झिस्टर बोटांत धरला असेल तर दोन-तीन मिनिटं थांबा, बोटाच्या उबेनेसुद्धा आकडा चढतो. पहिल्या जागी ७० ते ८०, दुसऱ्या जागी ११० ते १३० गेन आम्ही पसंत करतो.

आता नागपूरचा उन्हाळा. जर्मेनियमची गळती दर आठ-दहा अंशांना ढोबळपणे दुप्पट होते. डिसेंबरात २० अंशांवर १०० मायक्रोअँपिअर मोजलेला नग नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, ४५ अंशांवर पाचशेच्या पुढे जातो. पहिल्या ट्रान्झिस्टरचा ३३ किलोओहमचा रोध मुळात जेमतेम पाव मिलिअँपिअर, म्हणजे २५० मायक्रोअँपिअर सोडू शकतो. गळतीनेच ती जागा भरली की सुराला वाव उरत नाही. सूर तुटक येतो, फुरफुरतो, शेपटी मधेच कापली जाते. वसंतराव देशपांडे सभागृहाच्या गारव्यात गोड वाजणारं पेडल लग्नाच्या लॉनवर दुपारी साउंडचेकला असं का करतं, याचं उत्तर एवढंच. काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा डबा उन्हात हवेपेक्षा बराच जास्त तापतो हे वेगळंच. थंडीत जुळवलेली पेडलं उन्हाळ्यात परत आली तेव्हापासून आम्ही जर्मेनियमचं जुळवणं एप्रिल-मे महिन्यातच करतो, कूलर बंद ठेवून. पहिल्या जागेसाठी वीस अंशांवर ५० मायक्रोअँपिअरच्या वर गळणारा नग घेत नाही. ८.२ किलोओहमच्या जागी २० किलोओहमचा ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा रोध) बसवून दुसऱ्या कलेक्टरवर साडेचार ते पाच व्होल्ट ठेवतो. ट्रिमरचं भोक डब्याच्या पाठीला असतं, झाकण न उघडता छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरवता येतं.

ज्यांचे कार्यक्रम मुख्यतः उघड्यावर होतात त्यांना आम्ही सरळ सिलिकॉन घ्या म्हणतो. त्यात कमीपणा काही नाही. फझ फेस स्वतःच पुढे बीसी१०८ आणि बीसी१८३वर गेला. फक्त 'सी' गटाचा नग घेऊ नका. ४२० ते ८०० गेनमुळे सूं-सूं आवाज वाढतो आणि कधी कधी रेडिओही वाजतो. 'ए' गटाचे ११० ते २२० पुरे. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेस टर्मिनलमध्ये १०० पिकोफॅरड टाकला की वरचा कचरा कमी होतो आणि बेसच्या कामाचं काहीच जात नाही.

विजेचा घोटाळा पहिल्या मॉडेलच्या जर्मेनियमनेच शिकवला. एसी१२८ पीएनपी, म्हणजे जमिनीला धन टोक. असं पेडल इतर पेडलांच्या सामाईक अडॅप्टरवर लावलं की सप्लाय शॉर्ट होतो. एकतर वेगळी बॅटरी, नाहीतर आत उणे ९ व्होल्ट करणारी आयसी. साधी ७६६० घातली तर तिची शिट्टी आवाजात उतरते. एलटी१०५४ सुमारे २५ किलोहर्ट्झवर चालते, ती कानाच्या पलीकडे. शिवाय ७६६०ची मर्यादा १०.५ व्होल्टची, आणि बाजारातला रेग्युलेटर नसलेला '९ व्होल्ट' अडॅप्टर लोड नसताना बारा-तेरा दाखवतो. जळलेल्या आयसींचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

दुसरं मॉडेल बिग मफच्या घराण्यातलं. मूळ पेडल इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं, १९६९च्या आसपासचं. बेसवाल्यांचा जीव मात्र नव्वदच्या दशकातल्या हिरव्या रशियन सोव्हटेक आवृत्तीवर. चार सिलिकॉन ट्रान्झिस्टर, त्यामुळे उन्हाची काळजी नाही. लांब सूर, जाड आवाज. घोळ टोनच्या बटणात आहे. ३९ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडची एक वाट ४०८ हर्ट्झच्या वरचं गाळते, २२ किलोओहम आणि ३.९ नॅनोफॅरडची दुसरी १८५५च्या खालचं. मधे १ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. घरी एकट्याने वाजवताना तो खड्डा मोठा झकास वाटतो, पण दोन गिटार आणि की-बोर्ड सोबत आले की बेस त्यातच पडतो. ३.९च्या जागी १० नॅनोफॅरड लावला की दुसरी वाट ७२३वर येते आणि खड्डा बराच भरतो. आम्ही दोन्ही कपॅसिटर एका टॉगलवर दिले आहेत.

इतकं करूनही मूळ तक्रार पूर्ण जात नाही, कारण ती फक्त कपॅसिटरची नाही. फझ लाटेचा माथा कापतो. मूळ सूर वाढायचा थांबतो आणि वरचे सूर वाढत जातात. मग वाजवणारा कानाला सोसेल इतका व्हॉल्यूम कमी करतो आणि मूळ सूर आणखी मागे पडतो. म्हणून तिसऱ्या मॉडेलात स्वच्छ आवाज मिसळायचं बटण आलं. टीएल०७२ या आयसीचा अर्धा भाग १ मेगोहम इनपुटचा बफर (पिकअपवर भार पडू न देणारा टप्पा), उरलेला अर्धा मिक्सर. इथे फेजकडे, म्हणजे लाट सुलट आहे की उलट याकडे, लक्ष हवं. फझ फेसमध्ये सूर दोनदा उलटतो, बिग मफमध्ये चार वेळा, म्हणजे शेवटी सुलटाच. टोन बेंडर मार्क दोन या दुसऱ्या जुन्या फझमध्ये तो तीनदा उलटतो; त्यात स्वच्छ सूर मिसळला की दोघं एकमेकांना खातात आणि बेस वाढायच्या ऐवजी घटतो. मिसळ मध्यावर आणल्यावर आवाज पातळ झाला तर हाच दोष समजा. सुरुवातीला स्वच्छ वाटेवर १० किलोओहम आणि ८२ नॅनोफॅरड लावून १९४ हर्ट्झच्या वरचं कापलं होतं. बोटाचा ठोकाच हरवला, म्हणून काढून टाकलं.

बफरने दुसरा प्रश्न आणला. फझ फेसला पिकअपचा (तारांखालच्या चुंबकी वेटोळ्याचा) रोध समोर लागतो. बफर, वायरलेस किंवा ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचा सर्किट असलेला) बेस लावला की तो कर्कश होतो आणि बेसचा व्हॉल्यूम उतरवला तरी निवळत नाही. बफर आणि फझच्या मधे १० किलोओहम मालिकेत टाकला की बरंच सावरतं. पिकअपच्या वेटोळ्याचा गुण त्याने येत नाही, हे खरं. पॅसिव्ह बेसवाल्याने फझ फेस सरळ बेसच्या पुढे पहिलाच ठेवावा.

सूर एक सप्तक वर टाकणारा, सुपर-फझ या पेडलसारखा प्रकार आम्ही बनवत नाही. बाराव्या पडद्याच्या (फ्रेटच्या) वर तो मजा आणतो, खाली दोन सूर एकत्र वाजवले की चिखल.

घ्यायला येताना स्वतःचा बेस आणि नेहमीची केबल घेऊन या. मिसळ शून्यावर ठेवून खुली ई वाजवा आणि सूर मरेपर्यंत थांबा. शेपटी तुटते का ते ऐका. मग बेसचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणा. फझ चालू-बंद करून दोन्हींचा जोर सारखा करा आणि मगच आवडनिवड ठरवा, कारण मोठा आवाज नेहमीच बरा वाटतो. जर्मेनियमचं घेत असाल तर दुपारी दोनच्या सुमाराला या.