39 ला 11

रेसिंग गेममधली गाडी कितपत खरी, हे लोक काचेवरच्या पावसावरून ठरवतात, नाहीतर सीटच्या शिलाईवरून. मी गिअरवरून ठरवतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात हॉबिंग मशीनपुढं उभं राहून गिअरचे दाते पाडण्यात उमेदीची वर्षं गेली, तर नजर दुसरीकडं जाणार कशी?

टिळकवाडीतला माझा भाचा या खेळांचा पक्का भक्त. "मामा, ह्यातले रेशो एकदम ओरिजिनल हाइत बघ," असं छातीठोकपणे सांगतो. (रेशो म्हणजे एका चाकाचे दाते भागिले त्याला फिरवणाऱ्या चाकाचे दाते.) बऱ्याच गेममध्ये ते असतातही. 'ग्रान टुरिस्मो' 1997 च्या डिसेंबरात जपानात आला, तेव्हाच त्यात गाडीचे गिअर हवे तसे जुळवता येत होते. पण आकडे ओरिजिनल असले म्हणून गिअर ओरिजिनल होत नाहीत.

माझी पहिली परीक्षा साधी असते. गिअर बदलताना आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा किती खाली येतो ते बघायचं. आपल्या रस्त्यांवर पावलोपावली दिसणाऱ्या पेट्रोल स्विफ्टचा पाच गिअरचा गिअरबॉक्स घ्या, त्यातले रेशो असे: 3.545, 1.904, 1.280, 0.966, 0.757. पहिल्यात 6000 पर्यंत ताणून दुसरा टाकला, तर काटा 3200 च्या आसपास आपटतो. चौथ्यातून पाचव्यात जाताना मात्र 4700 वरच थांबतो. खाली मोठ्या उड्या, वर लहान. वर हवेचा विरोध वाढत जातो, तिथं इंजिनला ताकदीच्या टप्प्यातून खाली पडू देऊन चालत नाही. फटाफट मजा देणाऱ्या गेममध्ये काटा दरवेळी सारखाच खाली येतो आणि आवाजही तोच परत चढतो. ते कानाला गोड लागतं, पण त्यात गिअरबॉक्स नसतो.

भाच्याचा गेम या परीक्षेत पास झाला. माझा खरा आक्षेप सेटिंगच्या पडद्यावर आहे. तिथं प्रत्येक गिअरला एक सरकपट्टी. बोटानं ओढली की 3.545, जरा ढकलली की 3.546, आणखी ढकलली की 3.547. हे बघून आमच्या शॉपमधला कुणीही हसेल. गिअर म्हणजे दाते, आणि दाते मोजून पुरेच पाडावे लागतात. 39 ला 11 नं भागा, 3.545 येतं. पुढची पायरी हवी तर 40 ला 11, म्हणजे थेट 3.636. मधलं काही हवं असेल तर दोन्ही चाकांचे दाते बदलायचे. पण बॉक्समधल्या दोन शाफ्टांतलं अंतर कास्टिंगमध्येच ठरलेलं असतं, त्यामुळं एकीकडं दाता वाढला की दुसरीकडचा हिशेब करावा लागतो. (गंमत म्हणजे जुन्या हॉबिंग मशीनवर किती दाते पाडायचे हे ठरवायलाही गिअरच बदलावे लागतात.)

त्यातही 40 ला 10 अशी सरळ चौपट जोडी शहाणा माणूस सहसा टाळतो. तिथं लहान चाकाचा एक दाता मोठ्या चाकाच्या त्याच चार दात्यांना जन्मभर भेटत राहतो. एका दात्याला खोट असली की तेवढेच चार झिजणार. 39 ला 11 मध्ये दोघांना सामाईक भाजक नाही, म्हणून प्रत्येक दाता समोरच्या सगळ्यांना भेटून येतो आणि झीज वाटली जाते. गाड्यांचे रेशो असे वेडेवाकडे का दिसतात, त्याचं एक कारण हे. इटलीत तयार झालेल्या 'असेटो कोर्सा'त काही रेसिंग गाड्यांना सरकपट्टीच नाही, ठरावीक यादीतूनच रेशो उचलावा लागतो. ते बघून मला कोण आनंद झाला होता!

फॉर्म्युला वनची गोष्ट तर उलटीच. 2013 पर्यंत तिथले संघ ट्रॅक बघून रेशो बदलायचे, मोंझाच्या लांब सरळ पट्ट्यांना लांब (जास्त वेगाचे), मोनॅकोच्या गल्ल्यांना आखूड (जास्त ओढीचे). 2014 ला आठ गिअर आले आणि सीझनभराचे रेशो आधीच जाहीर करायचा नियमही आला. म्हणजे आजच्या एफ वनच्या गेममध्ये गिअरची सेटिंग नसेल, तर ती आळसाची खूण धरू नये.

राहिला घाट. चोर्ल्यानं गोव्याला उतरताना आमच्याकडचे ड्रायव्हर एकच सांगतात, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. ते शिकवायला गेममधल्या बहुतेक ट्रॅकवर घाटाएवढा उतार नसतो आणि मागं भार तर नसतोच. हंगामात खानापूर रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर कसा कण्हतो ते ऐकावं. तिथं टॉप स्पीड कोण विचारतो?

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, मला 3.6 चा पाडून देशील?" म्हटलं, 36 ला 10, दोघांनाही 2 नं भाग जातो, त्यापेक्षा 40 ला 11 घे. त्यानं लगेच पट्टी 3.6 वरून 3.636 वर नेली, त्या गिअरातला वेग 50 वरून 49.5 झालेला बघितला आणि म्हणाला, "अर्ध्या किलोमीटरसाठी कशाला मर्दा? असू दे झीज."