बंदी गर्भपातापाशी थांबत नाही

दापोलीत राहून अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील गोठवलेल्या भ्रूणांच्या खटल्याविषयी का लिहावे, असे कुणी विचारील. मला हा विषय अजिबात दूरचा वाटत नाही.

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३चा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द केला. त्या वेळी न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र मतात १९६५च्या ग्रिसवोल्ड निकालाचाही फेरविचार व्हावा असे लिहिले. विवाहित जोडप्यांचा गर्भनिरोधके वापरण्याचा हक्क त्याच निकालावर उभा आहे.

पुढे अलाबामात काय झाले ते पाहावे. २०२०च्या डिसेंबरात मोबील शहरातील एका रुग्णालयात एक रुग्ण भ्रूण साठवलेल्या खोलीत शिरला, त्याने अतिशीत कुप्या हातात घेतल्या, हात पोळला आणि त्या जमिनीवर पडल्या. ज्या जोडप्यांचे ते भ्रूण होते त्यांचे दुःख खरे होते आणि त्यांना भरपाई मागण्याचा पूर्ण हक्क होता. पण फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७२च्या एका कायद्याचा आधार घेऊन गोठवलेले भ्रूण म्हणजे मूलच, असा निर्णय दिला. लगेच तिथल्या अनेक केंद्रांनी आयव्हीएफचे, म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करून गर्भधारणा घडवण्याचे, उपचार थांबवले. ६ मार्चला केंद्रांना संरक्षण देणारा कायदा झाला खरा, परंतु भ्रूण म्हणजे मूल ही भूमिका त्याने पुसली नाही.

उपचार थांबणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या बायकांना सांगावे लागत नाही. आयव्हीएफसाठी इथून मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागते. आठ-दहा दिवस रोज पोटात इंजेक्शन टोचून घ्यायचे, शेवटचे इंजेक्शन रात्री नेमक्या वेळी, आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांत बीजे काढायची. नेमके त्याच दिवशी दार बंद असेल, तर पैसा आणि सोसलेले सारे वाया जाते.

त्याच वाडीत दुसरी एखादी सून आशाताईंकडून 'छाया' या गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट घेते, कारण तिला दुसरे मूल इतक्यात नको असते. एकीला मूल हवे आहे, दुसरीला नको. तरी फलित बीजाला पूर्ण माणसाचे हक्क देणारा कायदा दोघींच्याही आड येऊ शकतो. तातडीची गर्भनिरोधक गोळी बीज बाहेर पडणे लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. तरीही तिला गर्भपाताच्या यादीत बसवण्याचा आग्रह अमेरिकेत सुरूच आहे. जून २०२४मध्ये गर्भनिरोधनाचा आणि आयव्हीएफचा हक्क सुरक्षित करणारी दोन विधेयके तिथल्या संसदेच्या सिनेट या सभागृहात काही दिवसांच्या अंतराने अडली; आवश्यक ६० मते एकालाही मिळाली नाहीत. मला याची चीड येते.

आमच्या तालुक्यातील मुरुडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली आणि पुढे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातील लेखनामुळे अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९३४मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. विरोध तेव्हाही नीतीच्या नावानेच होत होता.

आपला २०२१चा सहाय्यक प्रजनन कायदा वयाच्या अटींबाबत कडक आहे आणि त्यातील काही बंधने मला मान्य नाहीत. मात्र भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवावेत, त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावेत किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनासाठी द्यावेत, असे तो स्पष्ट सांगतो. अलाबामाच्या न्यायालयाची दृष्टी स्वीकारली, तर हेच कलम मुलांच्या मृत्यूला परवानगी देणारे ठरेल, आणि मग एकही डॉक्टर भ्रूण साठवायला धजावणार नाही.