पेजेपासून भाकरीपर्यंत: लेकीच्या वरच्या खाण्याचा माझा अनुभव

लेकीला सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं आणि वरचं खाणं सुरू झालं. काय द्यायचं हे सगळेच सांगतात. पण कितपत बारीक करायचं आणि ते जाडसर कधी करायचं, हे फारसं कुणी बोलत नाही. मला तेच जास्त महत्त्वाचं वाटलं.

सुरुवात लाल भोपळ्याने केली. फोडी कुकरमध्ये वाफवायच्या आणि सुटलेल्या पाण्यासकट मिक्सरला फिरवायच्या. रताळं, गाजर तसंच. गाजराचे धागे राहतात, म्हणून ते चाळणीवर चमच्याने घासून घ्यायचे. पिकलेलं केळं काट्याने चेचलं की झालं. मीठ-साखर काही नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवायलाही नको, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

वरणाचं पाणी द्या, असा आग्रह खूप झाला. पण बाळाचं पोट केवढंसं, ते पाण्याने भरलं तर अंगी काय लागणार? म्हणून वरचं पाणी नाही, डाळच घोटून द्यायची. चमचा तिरपा केला तरी घास लगेच ओघळू नये, इतकं दाट. सासूबाई नाचणीला मोड आणून, वाळवून दळायच्या. मोडांमुळे तयार होणारी विकरं (एन्झाइम्स) शिजताना पिठातला स्टार्च फोडतात, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालूनही खीर गिळायला सोपी राहते. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही, म्हणून डाळीत लिंबाचे दोन थेंब पिळायचे. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. पूर्ण शिजवलेलं अंडंही लवकरच सुरू केलं.

सातव्या महिन्यात मिक्सर बंद केला. मऊ मुगाची खिचडी आधी रवीने घोटायची, पुढे पळीने ठेचायची, मग नुसती बोटांनी कुस्करायची. पहिल्यांदा दाणा लागला तेव्हा तिने जीभ बाहेर काढली, डोळ्यांत पाणी आलं, खोकली आणि घास पुढे ढकलून दिला. घरातले सगळे धावले. डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं: आवाज येतोय, खोकतंय, म्हणजे बाळ स्वतःच घास सावरतंय. आवाजच फुटत नाही, खोकता येत नाही, ते खरं गुदमरणं. तेव्हा क्षणही दवडायचा नाही. म्हणून ती खात असताना कुणीतरी समोर बसायचंच, आणि आडवं निजवून भरवायचं नाही.

त्या एका ओकारीला घाबरून पुन्हा गुळगुळीत पेजेवर जाऊ नये, असं मी प्रत्येक आईला कळकळीने सांगेन. नऊ-दहा महिन्यांपर्यंत जाडसर खाण्याची सवय लागली नाही, तर पुढे मूल घास चावायला कंटाळतं. दात नसले तरी हिरड्यांनी मऊ घास छान चावता येतो.

मग हातात द्यायला लागलो. वाफवलेल्या गाजराची बोटाएवढी फोड चिमटीत दाबल्यावर चुरगळली, तरच द्यायची. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करून, शेंगदाणे फक्त कूट करून. वर्षाच्या आसपास ती आमच्याबरोबर पानावर बसू लागली. आमटीत तिखट-मीठ घालण्याआधी तिची वाटी बाजूला काढायची, त्यात भाकरीचा पापुद्रा भिजवायचा आणि वरून तूप.