डिस्नेच्या हाफ मॅरेथॉनला मागून पळताना

बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा कागद, हातात आला की पळणारा माणूस आधी आपलं नाव बघतो, मग नंबर. ऑरलँडोच्या एक्स्पोमध्ये, जिथे शर्यतीआधी बिब वाटतात, मात्र जो तो आपण कुठल्या गटातून सुटणार ते सांगणारं अक्षर बघत होता. आणि स्वतःचं बघून झालं की शेजारच्याचं. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या जानेवारीतल्या मॅरेथॉन वीकेंडचे बिब ईएसपीएन वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स या प्रचंड संकुलात मिळतात. तिथे फोटो ओळखपत्र दाखवून मी माझा घेतला, त्यावर बी. माझी मावसबहीण गौरी फ्लोरिडातल्याच टँपाला राहते, हाफला, म्हणजे २१ किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनला, आम्ही दोघी होतो. तिच्या बिबवर थेट शेवटच्या गटाचं अक्षर.

"ताई, मी काय एवढी हळू पळते?" असं म्हणून तिने तोंड पाडलं. तसं काही नव्हतं. इथे पाय किती चालतात यापेक्षा कागद काय सांगतो ते बघतात. नाव नोंदवताना आपण अंदाजे वेळ लिहितो, पण पुढचा गट हवा असेल तर त्याला दाखला लागतो. ठरावीक अंतराच्या वरची, मोजमाप प्रमाणित असलेली शर्यत, तिचं अधिकृत टायमिंग, आणि तेही अलीकडच्या काळातलं. शिवाय हे सगळं मुदतीच्या आत द्यायचं. दाखला नसेल तर अर्जात काहीही लिहा, मुक्काम मागच्या गटात. माझ्याकडे मुंबई हाफचं टायमिंग होतं. गौरी रोज कॉलनीत पळते, अंगात चांगला दम आहे, पण आयुष्यात कधी शर्यत पळलेली नव्हती. नियम दर हंगामात थोडेफार बदलतात, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नये.

आता प्रश्न असा की मागून निघालं तर बिघडलं काय? वेळ तर बिबवरच्या चिपवर, आपण स्वतः स्टार्ट लाइन ओलांडल्यापासून मोजतात. मुंबईच्या हाफला माहीमला असेच गट असतात, पण तिथे पुढचा गट हवा असतो तो गर्दीत अडकू नये म्हणून. डिस्नेचं गणित निराळं आहे. इथे अट आहे मैलाला १६ मिनिटांची, म्हणजे किलोमीटरला साधारण १० मिनिटं, म्हणजे हाफला साडेतीन तास. पण या अटीचं घड्याळ धावतं शेवटच्या माणसाबरोबर. सगळ्यात शेवटी स्टार्ट लाइन ओलांडतात त्या 'बलून लेडीज', फुगे बांधून बरोबर १६ मिनिटांच्या गतीने चालणाऱ्या बायका. त्यांच्या मागे पडलात की बस येते आणि तुम्हाला उचलून नेते. पहिला गट सुटल्यापासून शेवटचा सुटेपर्यंत जवळजवळ तासभर जातो, आणि तो तासभर पुढच्या गटाला आंदण मिळतो. मागच्यांकडे शिल्लक शून्य. लग्नात पहिल्या पंगतीला बसलेला निवांत जिलबी मागून घेतो आणि शेवटच्या पंगतीत वाढपी पानं उचलायला टपलेले असतात, त्यातला प्रकार.

आणि हा वेळ पळायला लागतच नाही, लागतो तो फोटोंना. रस्त्याच्या कडेला जागोजागी डिस्नेची पात्रं उभी असतात, एरवी पार्कात सहसा न दिसणारीसुद्धा. प्रत्येकापुढे रांग. एका रांगेत दहा मिनिटं सहज जातात. म्हणून इथे चार-चार महिने घाम गाळून टायमिंग सुधारणारे लोक भेटतात, आणि ते कशासाठी, तर शर्यतीच्या दिवशी रांगेत उभं राहता यावं म्हणून! मला हे आधी हास्यास्पद वाटलं होतं. नंतर पटलं.

पुढच्या गटातून मागे जाता येतं, मागच्यातून पुढे नाही. गटाच्या तोंडाशी स्वयंसेवक बिबवरचं अक्षर बघूनच आत सोडतात, तिथे 'आम्ही बहिणी आहोत' चालत नाही. दोघींनी बरोबर पळायचं तर मीच मागे जायला हवं होतं. गौरी "तू जा गं पुढे, मी येते आपली" म्हणत राहिली. मी बी सोडला. एवढ्या लांब येऊन एकटीने मिकीशेजारी उभं राहण्यात मला रस नव्हता.

शर्यतीची सुरुवात पहाटे पाचला, त्यामुळे अडीचला उठायचं. हॉटेलातून बसने एपकॉट या डिस्नेच्या पार्कच्या पार्किंगमध्ये. तिथून आपल्या गटापर्यंतच पंधरा-वीस मिनिटांची पायपीट. अंगावर जुने स्वेटर, प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाथरोब, काय वाट्टेल ते. गार वारा सुटला होता. २०१७ साली विजांमुळे ही हाफ ऐन वेळी रद्द झाली होती, ती आठवण काढून शेजारच्या बाई दर दोन मिनिटांनी आभाळाकडे बघत होत्या.

अक्षराच्या आतही लहान लहान तुकड्या पाडतात आणि काही मिनिटांच्या अंतराने सोडतात. प्रत्येक तुकडीला वेगळे फटाके. हे मात्र मला फार आवडलं. शेवटच्या माणसालाही पहिल्यासारखीच आतषबाजी. आम्ही लाइनपर्यंत सरकेस्तोवर सहा वाजत आले होते, आणि तिकडे पहिल्या गटातले शेवटच्या मैलांत असतील.

मागच्या गटातलं पळणं म्हणजे टिकटिकणाऱ्या घड्याळांचा बाजार. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांची थोडं पळा, थोडं चाला ही पद्धत इथे घरोघरी पोचलेली आहे. घड्याळ वाजलं की माणूस हात वर करतो, कडेला होतो आणि चालू लागतो. हात वर न करता एकदम थांबणाराही एखादा असतोच, आणि मग मागच्यांची गचडी. गौरीने पहिल्या दोन मैलांतच ती पद्धत उचलली.

पार्किंगचा टोलनाका, मग काँटेम्पररी हॉटेलजवळ पाण्याखालून जाणारा रस्ता, आणि बाहेर आलं की मॅजिक किंग्डम, किल्ल्याचा तो प्रसिद्ध पार्क. मेन स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. अनोळखी लोक बिबवरचं नाव वाचून ओरडतात, 'गौरी'चे उच्चार ऐकण्यासारखे होते. टुमॉरोलँडमधून वळसा घालून सिंड्रेलाच्या किल्ल्याच्या मागच्या दारातून शिरायचं आणि पुढच्या दारातून बाहेर. आत जेमतेम काही पावलं, पण तिथे सगळेच हळू होतात.

फोटोंचं आम्ही आधीच ठरवलं होतं. दोन रांगा, जास्त नाही. पहिली डोनाल्डची, कारण हाफचं पदक त्याचं. दुसरीसाठी गौरीने अल्लादीनमधला जीनी निवडला. रांग संपेना. मी मनात मिनिटं मोजत होते, ती मात्र ओढणीसारखा बांधलेला जांभळा दुपट्टा नीट करत होती. फोटो झाला आणि मागे वळून पाहिलं तर लांबवर माणसांच्या डोक्यांवर फुगे.

पुढचे तीन मैल आम्ही बोललोच नाही. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलच्या बाजूने जाणारा रस्ता अरुंद, तिथे ओलांडून पुढे जायला जागा नसते. एपकॉटकडे वळणाऱ्या पुलाच्या चढावर बरेचजण मोडतात, तिथे आम्ही थोडा गेलेला वेळ भरून काढला. शेवटी एपकॉटमधून फिनिश. बसमध्ये बसल्या बसल्या गौरीने पदक गळ्यातून न काढता फोन उघडला आणि टँपात फेब्रुवारीत होणारी गॅस्परिला शर्यत शोधली. त्यात हाफ असते.

"ताई, या टायमिंगवर बी मिळेल का गं?"

"बीचं माहीत नाही. पण जीनीसाठी पुरेल."

तिने तिथेच नाव नोंदवलं.