ढोलीसमोरचे पावणेसात तास

सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी धनेशाचा नर ढोलीतल्या मादीला आणि पिलाला फळांची तिसरी खेप देऊन डोंगराच्या वरच्या अंगाला निघून गेला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे वहीत फळांची संख्या लिहिली आणि पुढच्या खेपेसाठी नवी ओळ आखून ठेवली. ती ओळ दुपारी २ वाजून ३८ मिनिटांपर्यंत कोरी राहिली.

उत्तर अंदमानच्या पूर्वेला, भर समुद्रात एकटे पडलेले नारकोंडम हे ज्वालामुखीचे बेट जेमतेम ७ चौरस किलोमीटरचे आहे, आणि तेवढ्याशा जागेत ते थेट पाण्यातून ७१० मीटर उंच चढते. तेथे गाव नाही. १९६९ पासून एक पोलीस चौकी आहे, तिच्याभोवती नारळीची झाडे आहेत, आणि त्यापलीकडे सगळे रान. जहाज दूर उभे राहते आणि सामान, पाण्याचे कॅन, तांदळाची पोती हे सगळे लहान होडीतून लाटा चुकवत किनाऱ्यावर आणावे लागते. परवानगीशिवाय येथे पाऊल टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे असे मला पहिल्या दिवसापासून वाटत आले आहे. कारण पक्षीअभ्यासक ह्यूमने १८७३ मध्ये ज्याचे शास्त्रीय वर्णन केले तो नारकोंडमचा धनेश जगात फक्त याच बेटावर राहतो. अलीकडच्या मोजणीनुसार त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे.

आमच्या सावंतवाडीकडे धनेशाला माडगरुड म्हणतात. लहानपणापासून पाहिलेल्या त्या पक्ष्यापेक्षा हा बराच लहान आहे: अंग काळे, शेपटी पांढरीशुभ्र, नराची मान तांबूस आणि मादीची काळी. निरीक्षणासाठी मला नेमून दिलेले घरटे एका जुन्या टेट्रामेलिस वृक्षाच्या ढोलीत होते. धनेशाची मादी ढोलीत शिरल्यावर विष्ठा आणि फळांचा लगदा यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. या काळात धनेशांच्या अनेक जातींत मादी पंखांची पिसेही गाळते, म्हणजे तिने ठरवले तरी तिला उडता येत नाही. तिचे आणि पिलाचे सगळे खाणे एकट्या नरावर अवलंबून असते. तो वड-उंबराच्या जातीची फळे गळ्यात साठवून आणतो आणि एकेक करून फटीतून भरवतो. पिलाचा चिरका आवाज आम्हाला आठवडाभर ऐकू येत होता.

दहा वाजेपर्यंत मला काळजी वाटली नाही. अकरा वाजता मी माझ्या सोबत्याकडे पाहिले. तो अंदमानातल्या मायाबंदरजवळच्या, मूळच्या ब्रह्मदेशातून आलेल्या करेन लोकांच्या वस्तीतला, रानात माझ्यापेक्षा किती तरी मुरलेला माणूस होता. त्याने हळू आवाजात "आएगा, बैठो" एवढेच म्हटले आणि पुन्हा दुर्बीण लावली. बारापर्यंत आतला चिरका आवाज वाढला होता, आणि मादीची चोच दर थोड्या वेळाने फटीतून बाहेर येऊन आत जात होती. लपणातून उठायचे नाही आणि कशातही हात घालायचा नाही हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. तो मला पटलेला आहे, आणि तरीही त्या दिवशी तो पाळताना माझ्या पोटात खड्डा पडला होता. कोकणातल्या एखाद्या घरट्याचा नर मेला तर दुःख होतेच, पण माडगरुड इतर डोंगरांतही आहेत. येथे या बेटावरच्या रानाबाहेर या जातीचा एकही पक्षी नव्हता.

साडेबाराच्या सुमारास पालापाचोळ्यातून सरसर ऐकू आली आणि जवळपास माझ्या उंचीची एक पाणघोरपड झाडाच्या आधारमुळांपाशी येऊन थांबली. जीभ आतबाहेर करीत तिने खोडाचा वास घेतला आणि नखे रोवून वर चढू लागली. या बेटावर घोरपडी पुष्कळ आहेत आणि त्या झाडावर सहज चढतात. ती ढोलीच्या खाली दोन हातांवर पोहोचली तेव्हा फटीतून चोच बाहेर आली आणि लाकडावर कोरडे, जोरदार ठोके पडू लागले. पिलू एकदम गप्प झाले. घोरपड किती वेळ तशीच चिकटून राहिली ते वहीत आहे: अकरा मिनिटे. मला ती अकरा मिनिटे आजही सलग आठवतात. मग ती मान वळवून आडवी सरकली आणि खोडाच्या पलीकडच्या बाजूने उतरून गेली.

दोननंतर एक मोठी सर आली. पाऊस ओसरत असताना वरून पंखांचा घरघराट ऐकू आला, जो एकदा कानात बसला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही, आणि भिजून काळाकुळकुळीत झालेला नर फांदीवर उतरला. तो लगेच ढोलीकडे गेला नाही. अंग झाडत, मान वाकडी करून चारी बाजूंना पाहत तो बराच वेळ बसला. मगच खोडाला पाय टेकून त्याने गळ्यातले पहिले फळ चोचीच्या टोकाशी आणले. मी मोजत होतो आणि सोबतीही मोजत होता, कारण अशा वेळी एकट्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. दोघांचाही आकडा २३ आला. त्या सकाळच्या कोणत्याही खेपेपेक्षा तो मोठा होता. मधल्या वेळी नर कोठे होता याचा माग आम्हाला लागला नाही, म्हणून नोंदीत कारणाचा रकाना रिकामा ठेवला.

अंधार पडण्यापूर्वी आम्ही झाडाखाली गेलो. ढोलीतून पडलेल्या बियांमधून तेथे कोवळी रोपे उगवली होती आणि ती मोजायचे काम उरले होते. १९७६ मध्ये चौकीसाठी म्हणून बेटावर शेळ्या आणल्या गेल्या. त्या रानात पसरून शेकड्यांनी वाढल्या आणि अशीच रोपे कुरतडत राहिल्या, तेव्हा जुन्या झाडांची जागा घ्यायला नवी झाडे उरतील की नाही अशी भीती होती. पुढे त्या शेळ्या काढण्यात आल्या. सोबत्याने बॅटरी धरली, मी गुडघ्यांवर बसून रोपे मोजू लागलो, आणि आमच्या डोक्यावर पिलू पुन्हा ओरडू लागले.